तोतया आणि टोपणनाव यांत फरक आहे
वर कुणीतरी म्हटलंय की टोपणनाव काय न् तोतया काय, दोन्हीत माणूस खरं नाव लपवतोच. नाही पटलं. टोपणनाव नवीन असतं, ते कुणाकडून हिसकावलेलं नसतं. तोतया मात्र दुसऱ्या खऱ्या माणसाची जागा घेतो. म्हणूनच पानिपतानंतर मीच सदाशिवरावभाऊ म्हणून उभा राहिलेला तो तोतयाच, त्याला १७७६ मध्ये देहदंड झाला, आणि आजही पेपरात 'तोतया पोलीस' छापतात, टोपणनावाचा पोलीस नाही.

आणि आपल्या कवींचं तर मला फार आवडतं, कारण त्यांनी नाव लपवलं पण नातं उघडं ठेवलं. केशवसुत म्हणजे केशवचा मुलगा, गोविंदाग्रज म्हणजे गोविंदचा मोठा भाऊ, आणि शिरवाडकरांनी तर बहिणीचं नाव घेतलं, कुसुमचा अग्रज तो कुसुमाग्रज. शाळेत मला कुसुमाग्रज म्हणजे फुलांशी काहीतरी असंच वाटायचं, बाईंनी अर्थ सांगितला तेव्हा अक्षरशः अंगावर काटा आला, एवढा मोठा कवी आणि सही करताना आपण कुसुमचा दादा एवढंच सांगतोय.