वरवर खरचटल्यावर रक्त का येत नाही?

प्रश्न: त्वचेवर हलकेच खरचटले तर केवळ पांढरट रेघ उमटते, परंतु जखम किंचित खोल गेली की लगेच रक्त येते. रक्तवाहिन्या नेमक्या कोणत्या थरापासून सुरू होतात?

पहिले उत्तर: बाह्यत्वचेत रक्तवाहिन्या मुळीच नसतात, तिच्या पेशींना लागणारे पोषण खालच्या अंतस्त्वचेतील केशवाहिन्यांतून झिरपून मिळते. या दोन थरांमधील सीमा सपाट नसून अंतस्त्वचेचे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे वर घुसलेले असतात आणि त्यांतील बहुतेकांत केशवाहिन्या असतात, म्हणूनच खरचटलेल्या जागी पुष्कळदा धारेऐवजी रक्ताचे सुटे ठिपके दिसतात. त्वचेच्या रचनेतील हा तपशील मला सर्वांत सुंदर वाटतो.

दुसरे उत्तर: पांढरट रेघ म्हणजे सर्वांत वरच्या, केराटिन या चिवट प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींचे उचकटलेले पापुद्रे होत. बाह्यत्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी चपटी होत, मरत, साधारण 4 आठवड्यांत पृष्ठभागावर पोहोचते आणि गळून पडते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पेशी अशा सतत बदलत असतील, तर गोंदण वर्षानुवर्षे कसे टिकते?

पहिले उत्तर: गोंदणाची शाई अंतस्त्वचेत सोडलेली असते. तेथील भक्षक पेशी शाईचे कण गिळून धरून ठेवतात, आणि त्या पेशी मेल्या तरी मोकळे झालेले कण शेजारच्या नव्या पेशी पुन्हा उचलतात.