शिवडीच्या दफनभूमीत जुना वेश करून इतिहास सांगावा का?

बोरीबंदरकर: अमेरिकेत बऱ्याच गावांत हौशी मंडळी जुन्या काळचे कपडे घालून थडग्यापाशी उभी राहतात आणि 'मी अमुक' म्हणून त्या माणसाची हकीकत सांगतात. आपल्याकडे शिवडीच्या ख्रिश्चन दफनभूमीत हे व्हायला हवं. बोरीबंदर स्टेशनचे (आताचं सीएसएमटी) वास्तुरचनाकार स्टीव्हन्स १९०० साली मुंबईतच मलेरियाने गेले, ते तिथे आहेत. गेटवेचे विटेट, १९२६ साली गेले, तेही तिथेच. स्टीव्हन्सच्या त्या घुमटाखालून मी तीस वर्षं नोकरीला गेलो आणि तिथून हार्बर लाइनने पुढच्या सहाव्या स्टेशनावर, शिवडीला, त्यांची कबर आहे हे मला रिटायर झाल्यावर कळलं. पोरांना पुस्तकात वाचून हे भिडत नाही, समोर माणूस बोलला की भिडतं.

शिवडीची सून: काका, माझ्या सासूबाईंना तिथे माती दिलीय. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही सगळे जातो, कबर धुतो, झेंडूची माळ घालतो. खाडीकडून वारा येतो, मेणबत्ती टिकत नाही, म्हणून मुलगी दोन्ही हातांचा आडोसा धरून बसते. एकदा शेजारच्या कबरीच्या कठड्यावर फिरायला आलेली मंडळी वेफर्स खात बसली होती. मागून मयत आलं तरी उठेनात. त्यात वेशभूषा आली की टाळ्या आणि सेल्फी आल्याच.

चंदनवाडी: मला वेगळीच काळजी आहे. मरीन लाइन्सजवळची सोनापूरची स्मशानभूमी तिथून हलवायचा इंग्रज सरकारचा बेत होता, तो मुंबई घडवणाऱ्या नाना शंकरशेटांनी हाणून पाडला. ते स्वतः १८६५ साली गेले. आपल्यात दहन, थडगं नाही. मग कबरींवरून इतिहास सांगायचा तर मुंबई साहेबांनीच उभारली असं पोरांना वाटणार. नानांचा पुतळा आहे, तिथे सांगा की!

बोरीबंदरकर: नानांचं अगदी पटलं, सुरुवात तिथूनच करू. ताई, वेफर्सचं वाचून लाज वाटली. २ नोव्हेंबर नको, रविवार नको, मयत आलं की सगळ्यांनी बाजूला उभं राहायचं. पण वेशावर मी ठाम आहे.

शिवडीची सून: वेशालाच माझा विरोध आहे. माझ्या सासूबाईंचं सोंग कुणी घेतलं तर मी हाताला धरून बाहेर काढेन. स्टीव्हन्सचं इथे कुणी नाही, म्हणून त्यांच्या तोंडी काहीही घालायचं?

बोरीबंदरकर: कुणी नाही म्हणूनच म्हणतो. तिथे फूल ठेवायलाही कुणी जात नसेल.

शिवडीची सून: मग फूल घेऊन या, पोरांनाही आणा. मेणबत्ती मी देते. कोट-टोपी तेवढी गेटबाहेर ठेवा.