परक्या देशात एकट्याने: तो एक प्रसंग सांगा

परदेशात एकट्याने फिरून आलेल्या माणसाला विचारलं, की तो दोनच गोष्टी सांगतो: काय काय पाहिलं, आणि "स्वतःला शोधलं". पाहिलेलं फोटोत दिसतंच. स्वतःला शोधलं म्हणजे नेमकं काय केलं, ते मात्र कुणी सांगत नाही. म्हणून हे आमंत्रण. सल्ले नकोत, याद्या नकोत. विचारायला बरोबर कोणी नव्हतं आणि काय करायचं ते तुम्हालाच ठरवावं लागलं, असा एकच प्रसंग सांगा. फसलात तरी चालेल. फसला असाल तर जास्तच चालेल.

सुरुवात माझ्यापासून. म्युनिकहून टेगर्नसेला निघालो होतो. आल्प्सच्या पायथ्याचं तळ्याकाठचं गाव, तासाभराचा प्रवास. तिकीट बरोबर, फलाट बरोबर, गाडी बरोबर. वर खिडकीची जागा. वाटेत होल्त्सकिर्शेनला गाडी बराच वेळ थांबली, एक धक्का बसला, जर्मनमध्ये लांबलचक घोषणा झाली. पुढे शाफ्टलाखलाही तेच. चारपाच जण उठून फलाटावरून धावत दुसऱ्या डब्यात गेले. मी मनात म्हटलं, काय ही लोकांची घाई! तर त्या गाडीचे वाटेत तुकडे होतात. एक भाग बायरिशत्सेलला जातो, एक टेगर्नसेला, एक लेंग्रीसला. कुठला डबा कुठे जाणार ते डब्यावरच लिहिलेलं असतं. मी लेंग्रीसला उतरलो.

लेंग्रीसला रूळच संपतात, त्यामुळे चूक कबूल करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बाकावर बसलो आणि आधी काय केलं असेल, तर दोष द्यायला माणूस शोधला. घरचं कुणी बरोबर असतं तर "तू का नाही बघितलंस" यावर अर्धा तास सहज निघाला असता. इथे शेजारी फक्त माझी बॅग. तिच्यावर किती रागावणार? परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून उठून इझार नदीपर्यंत चालत गेलो. इतक्या वर्षांत माझी चूक पाच मिनिटांत मिटल्याचं मला आठवत नाही. दुसरी बाजू मांडायला कोणीच नव्हतं ना!

आता तुम्ही सांगा.

*

मी ५८ व्या वर्षी पहिल्यांदा एकटी निघाले. स्पेनमधली सांतियागोची पदयात्रा. पूर्ण वाट फ्रान्सच्या हद्दीपासून धरली तर जवळपास ८०० किलोमीटरची आहे, पण मी सारियापासून चालले, म्हणजे शेवटचे सव्वाशेच्या आतले. किमान १०० किलोमीटर चाललात की प्रमाणपत्र मिळतं, त्यासाठी सोबतच्या पुस्तिकेवर रोज दोन शिक्के घ्यायचे. "या वयात एकटी?" असं विचारणाऱ्यांना मी इडा फायफरचं नाव सांगायचे. व्हिएन्नाची ही बाई मुलं मोठी झाल्यावर, १८४२ मध्ये, ४४ व्या वर्षी एकटी घराबाहेर पडली आणि पुढे दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा करून आली. नाव कुणाला माहीत नसायचं, पण प्रश्न तिथेच थांबायचे.

पाठीवरचं ओझं आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको, असं तिथे सगळेच सांगतात. माझं दुप्पट होतं. दुसऱ्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी कोपऱ्यात एक खोकं दिसलं, त्यात लोक नको झालेलं सामान ठेवून जातात. मी आधी जाड स्वेटर ठेवला. मग केस वाळवायचं यंत्र. (हो, नेलं होतं. हसा.) मग औषधांची पिशवी उघडली. त्यातली निम्मी औषधं इतरांसाठी होती. कुणाला पित्त झालं तर, कुणाचा पाय मुरगळला तर. तीस वर्षं प्रत्येक प्रवासात ती पिशवी माझ्याकडे असायची आणि बरोबर "इतर" कोणीच नाहीत हे भरताना लक्षातच आलं नव्हतं. ती पिशवी हातात घेऊन मी बराच वेळ नुसती बसले होते. शेवटी माझ्या दोन पाकिटांव्यतिरिक्त सगळं तिथल्या कार्यकर्तीच्या हवाली केलं.

वाट चुकायची भीती होती, पण झाडांवर, दगडांवर, भिंतींवर पिवळे बाण रंगवलेले असतात. ते बाण १९८० च्या दशकात एलियास वालिन्या नावाच्या एका पाद्र्याने रंगवायला सुरुवात केली होती. तरी मी एकदा चुकलेच, पहाटेच्या अंधारात. बाण दिसेनासे झाले की परत फिरायचं, शेवटच्या दिसलेल्या बाणापर्यंत. हे इतकं सोपं असतं हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

*

काकू, ते केस वाळवायचं यंत्र अजून तिथेच असेल बघा, दुसरं कोण उचलणार!

माझा प्रसंग फोन मेल्याचा. जॉर्जियात तिबिलिसीच्या दिदुबे स्थानकातून काझबेगीला मार्श्रुत्का जातात. मार्श्रुत्का म्हणजे मिनीबस, भरली की सुटते. तीन तास डोंगरातला रस्ता, मी सगळा वेळ व्हिडिओ काढत बसले. गावात उतरले तेव्हा संध्याकाळ होती, गेर्गेतीचं चर्च वर कड्यावर, त्याच्यामागे बर्फाचा काझबेक पर्वत, आणि हातात काळा पडदा. राहायच्या घराचा पत्ता, मालकिणीचं नाव, नंबर, सगळं त्या फोनच्या आत. मला आठवत होतं ते एवढंच की फोटोत फाटक निळं होतं.

एक आजी आपल्या घराच्या फाटकाशी उभ्या होत्या. त्यांना माझी भाषा नाही, मला त्यांची नाही. मी फोन दाखवला, मान टाकून मेल्याचा अभिनय केला. त्यांनी आतून चार्जर आणला, त्याची पिन बसेना. मग मी त्यांच्याच ओढणीवरची निळी फुलं दाखवून हवेत फाटक उघडलं. आजींना काय कळलं देव जाणे, पण त्या चपला घालून निघाल्या. निळं फाटक त्या गावात चौथं निघालं. आधीच्या तीन घरांत दार वाजवून आजींनी काहीतरी सांगितलं आणि तिन्ही ठिकाणी लोक माझ्याकडे बघून पोट धरून हसले. मी एरवी कुणाला साधा पत्ता विचारायला लाजते. त्या दिवशी लाज तिसऱ्या दारापर्यंत टिकली.

रात्री मालकिणीकडून पत्ता कागदावर लिहून घेतला, त्यांच्याच लिपीत. ३३ अक्षरं आहेत म्हणे, सगळी वेलीसारखी गोल. तो कागद अजून पाकिटात आहे. त्यावर नक्की काय लिहिलंय हे मला आजही वाचता येत नाही.

*

छोटंसंच. परदेशात एटीएम विचारतं, रक्कम तुमच्या देशाच्या चलनात वळती करू का? मराठी माणूस म्हणतो, वा, आपल्या पैशांत कळेल! तिथे "नको" म्हणायचं आणि स्थानिक चलनच निवडायचं, कारण तो दर त्या यंत्रवाल्याचा असतो आणि जवळजवळ नेहमी आपल्याच खिशाला भारी पडतो. मला हे तिसऱ्या वेळी कळलं. सल्ला नको म्हणालात, पण हा प्रसंगच आहे: यंत्रासमोर मी मागे वळून मोठ्या भावाला शोधलं होतं. वय ४१.

*

पोर्तुगालमध्ये पोर्तोला रात्री साडेअकराला अंगात ताप भरला. हॉस्टेलची आठ बिछान्यांची खोली, सात अनोळखी माणसं झोपलेली. कुणाला उठवायचं? घरी फोन करावा तर तिथे सगळे घाबरणार, आणि घाबरलेल्यांना धीर देण्याचं काम पुन्हा माझ्याकडेच. नाही केला.

हिरव्या क्रॉसची पाटी म्हणजे औषधाचं दुकान, एवढं ठाऊक होतं. खाली उतरलो. पहिलं दुकान बंद. दारावर काचेआड एक कागद होता. थंडीनं दात वाजत असताना त्या कागदावरचा शब्द न् शब्द वाचला. त्यात आज रात्रपाळी कुठल्या दुकानाची, त्याचा पत्ता होता. तिथली पद्धतच अशी, दुकानं पाळीपाळीनं रात्रभर सेवा देतात आणि बंद दुकान चालू दुकानाचा पत्ता सांगतं. पोर्तो सगळं चढउताराचं, त्यात दगडी फरसबंदी. वीस मिनिटं लागली. दुकानाचं दार बंदच, पण भिंतीत हातभर झडप होती. घंटा दाबली. झडप उघडली, आतून एक चष्मा दिसला. मी कपाळावर हात ठेवून "फेब्रे" म्हणालो, हा शब्द वाटेत पाठ करत आलो होतो. चष्म्यानं इंग्रजीत विचारलं, किती दिवस, कशाची ॲलर्जी? पाठांतर वाया गेलं.

गोळ्या घेतल्या, परत आलो, झोपलो. एवढंच. पण सकाळी खालच्या बिछान्यावरचा मुलगा म्हणाला, रात्री तुझे दात वाजताना ऐकू येत होते, उठवायचं होतंस ना. मला अजून ठरवता आलेलं नाही की मी त्या रात्री स्वावलंबी होतो की नुसता भिडस्त.

*

वेगळा सूर लावतो, रागवू नका. मला काही सापडलं नाही.

जूनमध्ये आइसलँडला गेलो. देशाला वळसा घालणारा रस्ता १३०० किलोमीटरच्या वर आहे, दहा दिवसांत आरामात होईल असा हिशेब. निसर्गाबद्दल बोलायलाच नको. पण जूनमध्ये तिथे रात्र होत नाही. पहाटे दोनला पडद्याच्या फटीतून उजेड, झोप नाही. दिवसभर गाडीत मी आणि माझं डोकं. लोक म्हणतात एकांतात मन शांत होतं. माझ्या मनानं सात दिवस जुनी भांडणं पुन्हा पहिल्यापासून काढली, आणि सगळी मीच हरलो. एका ठिकाणी वाऱ्यानं गाडीचं दार हातातून ओढून पार उलटं नेलं, बिजागरी वाकली. तिथे दार उघडताना दोन्ही हातांनी धरायचं असतं, वाऱ्याकडे तोंड करून गाडी उभी करायची असते. हे मी वाचलं होतं. वाचलेलं होतं हेच जास्त लागलं.

सातव्या दिवशी तिकीट बदललं आणि तीन दिवस आधी घरी आलो. सगळे विचारत होते, कसं वाटलं? छान म्हणालो. आज पहिल्यांदा खरं सांगतोय. आता जायचं तर कुणाला तरी बरोबर घेऊन जाईन.

*

तुम्ही परत यायचं ठरवलंत, तेही कुणाला न विचारताच ना? मग झालं की.

प्रागला ट्राममध्ये माझा पासपोर्ट गेला. हरवला की मारला, माहीत नाही. क्रम असा: आधी पोलिसांत नोंद, तिचा कागद, मग फोटो, मग आपल्या देशाचा दूतावास. मिळतं ते घरी परतण्यापुरतं, एकाच प्रवासाचं कागदपत्र. पासपोर्टवरचा व्हिसा गेलाच, म्हणजे पुढचे दोन देशही गेले. माझ्याकडे पासपोर्टची झेरॉक्स होती, तीही वडिलांनी बळेच बॅगेच्या तळाशी कोंबली होती म्हणून. सगळ्या खिडक्यांवर मी एकटीनं निभावलं, असं वर्षभर सांगत फिरले. झेरॉक्सचं आत्ता सांगतेय.

*

मी एकटी फिरते तेव्हा सर्रास खोटं बोलते. इस्तंबूलच्या कादिकॉयला जाणाऱ्या बोटीत एक गृहस्थ चिकटले, एकट्याच का, कुठे उतरलात. मी सांगितलं, नवरा पलीकडच्या धक्क्यावर वाट बघतोय. मग वीस मिनिटांच्या त्या युरोप ते आशिया प्रवासात त्या नवऱ्याचं नाव, नोकरी, गुडघेदुखी, सगळं तयार झालं. हॉटेलवाल्यानं खोलीचा क्रमांक मोठ्यानं सांगितला तर दुसरी खोली मागते, रात्रीच्या बसमध्ये चालकाच्या मागची जागा धरते. पुरुषांच्या अनुभवांत हे येत नाही म्हणून लिहिलं. बाकी इस्तंबूल फार आवडलं. धक्क्यावर उतरल्यावर मात्र क्षणभर खरंच इकडेतिकडे पाहिलं हो, आलाय का म्हणून.

*

मला जन्मापासून ऐकू येत नाही. एकट्यानं जपानला जातो म्हटल्यावर घरात तीन आठवडे रणकंदन. मला विचाराल तर ओळखीच्या लोकांतच मी जास्त एकटा असतो. सगळे बोलत असतात, मी ओठ बघत असतो, आणि हशा पिकला की कुणीतरी दोन शब्दांत सार सांगतं. तोवर पुढचा विनोद सुरू.

तोक्योत माझ्यासारख्या पाहुण्यांपैकी कितीतरी जणांना जपानी येत नव्हतं. सगळेच बोटं दाखवत होते, हातवारे करत होते, कागदावर आकडे लिहीत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या घोळक्यात सगळ्यात सराईत होतो. चौकशीच्या खिडक्यांवर काही ठिकाणी कानाचं एक छोटं चिन्ह असतं, म्हणजे इथे लिहून बोलता येईल. त्या लिहून बोलण्याला "हित्सुदान" असा शब्दच आहे. एका स्टेशनवर मी चिन्हाकडे बोट केलं, कर्मचाऱ्यानं पाटी काढली आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या ऐकू येणाऱ्या बाई म्हणाल्या (हे मला ओठांवरून कळलं), मलाही ती पाटी मिळेल का?

घरी रोज व्हिडिओ कॉलवर खुणांनी सांगायचो. आई फक्त एकच विचारायची, रस्ता नीट ओलांडतोस ना.

*

सुरुवात करणाऱ्यांना एक विचारायचं राहिलं. तळं शेवटी पाहिलंत का?

पाहिलं. तीन दिवसांनी. डब्यावरची पाटी दोनदा वाचून, आणि शाफ्टलाखला फलाटावर धावणाऱ्या एका गृहस्थांना खिडकीतून माझा डबा दाखवून. ते चढले. त्यांना लेंग्रीसला जायचं होतं.