शब्दचर्चा: ‘क्लायमेट सर्व्हिस’ला मराठीत काय म्हणायचं? आणि धोका की जोखीम?

पॅसिफिकमधल्या बेटांवर हवामानाची माहिती लोकांच्या कामी कशी येते यावरच्या एका पुस्तिकेचं भाषांतर करतेय आणि पहिल्याच पानावर अडकलेय. वेदर काय आणि क्लायमेट काय, आपण दोन्हीला हवामानच म्हणतो, मग ‘हवामान सेवा’ लिहिलं की वाचणाऱ्याला वाटणार उद्या पाऊस आहे का ते सांगणारी सेवा, आणि इथे तर विषय पुढच्या तीन महिन्यांचा किंवा पुढच्या तीस वर्षांचा आहे. शिवाय ‘रिस्क’ला धोका लिहू की जोखीम? आणि आधीच्या मसुद्यात कोणीतरी ‘युजर्स’ना सरसकट लाभार्थी करून टाकलंय, ते मला खटकतंय पण का ते नीट सांगता येत नाहीये.

—

परिभाषेत जलवायुमान असा शब्द आहे, अर्थ दीर्घकालीन सरासरी हवामान, साधारण ३० वर्षांच्या नोंदींवरून काढलेलं. शब्द अचूक आहे पण बोलताना कोणाच्या तोंडात येत नाही. मला वाटतं हवामानच ठेवा. त्यातलं ‘मान’ म्हणजे माप, तापमान-पर्जन्यमानातलं. पर्जन्यमान म्हटलं की आपल्याला आज पडलेली सर आठवत नाही, त्या भागात वर्षाला किती पडतो ते आठवतं. म्हणजे तो लांबचा अर्थ शब्दात आहेच, फक्त मुदत सोबत लिहा: हंगामी हवामान, दीर्घकालीन हवामान. आणि ‘हवामान माहिती सेवा’ असं पूर्ण लिहा.

—

जोखीमच लिहा, आणि धोका वेगळा ठेवा, कारण त्या विषयात हे दोन वेगळेच आहेत. चक्रीवादळ हा धोका. ते कुठे येतंय, वाटेत कोणाची घरं आहेत, छपरं किती पक्की आहेत, हे सगळं मिळून जोखीम. भर समुद्रात जिथे कोणी नाही तिथे वादळ घोंघावून गेलं तर धोका होता, जोखीम नव्हती. आपल्याकडे जुनी माणसं अंगावर दागिने किंवा जवळ रोकड असली की ‘बरोबर जोखीम आहे’ म्हणतात बघा, म्हणजे जी गमावली जाऊ शकते त्या वस्तूलाच जोखीम. इतका नेमका शब्द घरात असताना धोक्यावर सगळं भागवू नका. मार्च २०१५ मध्ये पाम चक्रीवादळ वानुआतूवर आलं ते पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीचं होतं, ती श्रेणी कोणी कमी करू शकत नाही, पण इशारा वेळेत मिळाला आणि पक्क्या इमारतीत आसरा मिळाला तर जोखीम कमी होते. सगळं काम तिथेच आहे.

लाभार्थी अजिबात नको. लाभार्थी म्हणजे ज्याला काहीतरी दिलं जातं आणि तो घेतो. इथे गावातला माणूस पर्जन्यमापक बघून आकडा कळवतो, टाकीत पाणी किती उरलंय ते सांगतो, तेव्हा कुठे सल्ला तयार होतो. वापरकर्ते लिहा, जिथे जमेल तिथे सरळ मच्छीमार, शेतकरी, पाणी समिती असं नावानं लिहा.

—

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण मला सगळ्यात जास्त काळजी ‘अंदाज’ या शब्दाची वाटते. हंगामी अंदाज तीन गटांत देतात. ३० वर्षांचे पाऊस कमी ते जास्त असे लावायचे, खालची १० वर्षं ‘सरासरीपेक्षा कमी’, मधली १० ‘सरासरीइतका’, वरची १० ‘सरासरीपेक्षा जास्त’. काहीच कल नसेल तर प्रत्येक गटाची शक्यता साधारण ३३ टक्के. आता ‘कमी पावसाची शक्यता ५० टक्के’ असं लिहिलं की बरेच जण वाचतात पाऊस निम्मा पडणार! तसं नाहीये, पाऊस खालच्या गटात जायची शक्यता एक तृतीयांशावरून निम्म्यावर गेलीय एवढंच. मी असं लिहीन, ‘असा अंदाज दहा वेळा दिला तर साधारण पाच वेळा कोरडा हंगाम येतो’. लांबतं, लांबू दे, कारण ज्याच्या घरी पावसाच्या पाण्याची एकच टाकी आहे त्याला आकड्यापेक्षा हेच वाक्य कामाचं.

आणि कृपया ‘एल निन्यो म्हणजे दुष्काळ’ असं कुठेही लिहू नका. एल निन्यो म्हणजे मध्य आणि पूर्व पॅसिफिकमध्ये विषुववृत्ताजवळचं समुद्राचं पाणी नेहमीपेक्षा गरम होणं, आणि ला निन्या म्हणजे ते नेहमीपेक्षा थंड होणं. फिजी-वानुआतूकडे एल निन्योत बहुधा पाऊस कमी होतो हे खरं, पण तुवालूत कोरडं पडतं ते ला निन्यात. २०११ मध्ये तसंच झालं, टाक्या आटल्या आणि सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. उलट मार्शल बेटांवर फेब्रुवारी २०१६ मध्ये दुष्काळाची आणीबाणी आली ती एल निन्योमुळे. एकाच महासागरात एकाच शब्दाचे उलटे अर्थ, म्हणून बेटाचं नाव घेतल्याशिवाय हे वाक्य पुरंच होत नाही.

—

खूप आभार सगळ्यांचे, लाभार्थी आजच काढून टाकला. वानुआतूच्या हवामान माहिती प्रकल्पाचं नाव बघा, त्यांच्या बिस्लामा भाषेत ‘वानुआतू क्लाएमेट इन्फोमेसेन ब्लाँग रेडी, अडाप्ट मो प्रोटेक्ट’, म्हणजे तयार राहायला, जुळवून घ्यायला आणि जपायला हवामानाची माहिती, आणि त्याचं लघुरूप व्हॅन-किराप. बिस्लामात किराप म्हणजे ऊठ, उभं राहा. ८० च्या वर बेटं, शंभरावर भाषा, तिथे सगळ्यांना कळेल अशा भाषेत नाव ठेवलंय हे मला फार आवडलं.

अजून एक अडलंय. नीरफणसाला किंवा आंब्याला नेहमीपेक्षा खूप जास्त फळ धरलं की त्या मोसमात चक्रीवादळ येणार असं तिथली माणसं सांगतात, तिथला हवामान विभाग अशा खुणांची नोंदही ठेवतो. याला ‘पारंपरिक समजुती’ लिहू का?

—

समजुती नको. समजूत म्हटलं की ती चुकीची आहे असं अर्धं आधीच ठरतं. आपल्याकडे आडाखा आहे ना, आडाखे बांधणं! त्यात बघणं आहे, वर्षानुवर्षांचा अनुभव आहे, आणि चुकू शकतो हेही त्यातच आलं. ठोकताळा पण चालेल, पण तो जरा ढोबळ वाटतो. फळाचा बहर ही खूण, त्यावरून बांधला तो आडाखा, आणि विभाग देतो तो अंदाज, असे तीन शब्द तीन जागी ठेवलेत तर गावची बैठक आणि विभागाचं पत्रक एकाच पानावर नीट मांडता येईल.