कित्तूरची लढाई आणि गॅझेटिअर: प्रायमरी सोर्स नक्की कशाला म्हणायचं?

खानापूरकर: परवा कित्तूरचा किल्ला बघून येताना गाडीत वाद झाला. मित्र म्हणाला राणी चन्नम्मांच्या लढाईसाठी 1884 चं बेळगाव गॅझेटिअर, म्हणजे इंग्रज सरकारनं छापलेलं जिल्ह्याच्या माहितीचं पुस्तक, हाच अस्सल पुरावा. मी म्हटलं इंग्रजांशी लढाई झाली 23 ऑक्टोबर 1824 ला, त्यांचा कलेक्टर थॅकरे त्यात मेला, आणि गॅझेटिअर छापलं 60 वर्षांनी, मग ते प्रायमरी, म्हणजे त्या काळचाच मूळ पुरावा, कसं होईल, त्या वेळच्या अधिकाऱ्यांची पत्रं तेवढी प्रायमरी, बाकी सगळं ऐकीव. पटत नसेल तर सांगा.

टिळकवाडीचा: अर्धंच बरोबर की ओ. लढाईसाठी गॅझेटिअर सेकंडरी, म्हणजे मागनं लिहिलेलं, मान्य. पण 1884 मधे इंग्रज सरकार कित्तूरकडे कसं बघत होतं हे शोधायचं असेल तर तेच पुस्तक प्रायमरी होतंय. आपल्या बेळगाव सीमाप्रश्नावरच्या महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल घ्या, गावांच्या जुन्या इतिहासाला तो सेकंडरी, सीमाप्रश्नाला प्रायमरी. कागद तोच, आपण त्याला विचारतोय काय ते बघायचं.

नंदगडची लेक: "बाकी सगळं ऐकीव" हे लागलं मला. चन्नम्मांच्या बाजूनं इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांना 1831 मधे आमच्या नंदगडला फाशी दिली. सरकारी कागदात ते बंडखोर, आणि कन्नड लावण्यांत वीर. हरलेल्यांनी पत्रं लिहून ठेवली नाहीत म्हणून त्यांचं काहीच धरायचं नाही काय?

खानापूरकर: ताई, लोकांना काय वाटलं ते लावणी सांगते, मान्य. पण तारखेला कागदच लागतो.

वडगाव कट्टा: दादा, कागदालाही वाचणारा लागतोय. आमच्या ट्रंकेत एक मोडी कागद आहे, घडीवर फाटलाय, शाई तपकिरी झालीय. एका जाणत्यानं वाचून दिलं, सन 1224. वर्षभर आम्ही पावण्यापैंत घराणं आठशे वर्षांचं म्हणून सांगत होतो. मग दुसऱ्यांनी ओळीवर बोट ठेवून दाखवलं, 'अर्बा अशरीन मयातैन व अलफ', चार, वीस, दोनशे, हजार. हा सुहूर सन, जुन्या मराठी कागदांत अरबी शब्दांत लिहायची ती कालगणना, इसवी सनासाठी त्यात 599-600 मिळवायचे. म्हणजे 1823-24!

खानापूरकर: अहो, म्हणजे लढाईच्या ऐन तोंडावरचा कागद की! कशाचा आहे, फोटो टाका. पण पत्र आधी, गॅझेटिअर मागनं, हे मी सोडत नाही.

वडगाव कट्टा: शेतसाऱ्याचा आहे. ट्रंक माळ्यावर आहे, रविवारी उजेडात काढून टाकतो.