व्हीशोजो 'कलाकारांचे लाड' केल्यामुळे बुडाली म्हणे!

रात्रपाळी:
काल इथे कोकणी_कोडर यांनी लिहिलं की व्हीशोजो या एजन्सीनं व्हीट्यूबर (कार्टून अवतार लावून लाइव्ह स्ट्रीम करणाऱ्या) पोरींचे फाजील लाड केले, कॅरेक्टरचे हक्कही त्यांच्याकडेच ठेवले, म्हणून कंपनीचं दिवाळं वाजलं. वर 'सही करताना डोळे उघडे ठेवायचे होते, आता रडू नका' हा आहेर. प्रतिसादात मावेना म्हणून वेगळा धागा.

व्हीशोजोच्या आयर्नमाउसनं सप्टेंबर २०२४ मध्ये सबाथॉन (सबस्क्रिप्शन येतील तसं लांबत जाणारं स्ट्रीम) केली. बाईंना प्रतिकारशक्तीचा गंभीर आजार, घराबाहेर पडायची चोरी. त्यातले पाच लाख डॉलरहून जास्त इम्यून डेफिशियन्सी फाउंडेशन या अशाच रुग्णांसाठीच्या संस्थेला जायचे होते. जुलै २०२५ मध्ये तिनं कंपनी सोडली तेव्हा कळलं की संस्थेला ते पोचलेच नाहीत, आणि तिचे स्वतःचेही थकलेत. मग एकेक जण बाहेर पडत गेला आणि चार दिवसांत सीईओ जस्टिन इग्नेशियोनं दुकान बंद केल्याचं जाहीर केलं. गुंतवणूकदारांचे सुमारे १.१ कोटी डॉलर संपले, आणि खर्च झालेला काही पैसा देणगीचा होता हे आपल्याला नंतर समजलं, असा त्याचा खुलासा.

नंतर समजलं! आमच्या मंडळाचा खजिनदार वर्गणीतून स्वतःचा चहासुद्धा पीत नाही. पैसा आधी एजन्सीच्या खात्यात उतरतो, तो कुणाचा आहे याची नोंद नसते, पगाराची तारीख आली की हात तिथेच जातो. यात करार उदार होता की कंजूष, हा प्रश्न येतो कुठे?

कोकणी_कोडर:
भावना पोचल्या. आता आकडे. निजिसांजी या व्हीट्यूबर ब्रँडची कंपनी एनीकलर: एप्रिल २०२४ ला संपलेल्या वर्षात महसूल सुमारे ३२ अब्ज येन, ऑपरेटिंग नफा १२ अब्जांच्या वर. तशीच होलोलाइव्ह ब्रँडची कव्हर: मार्च २०२५ अखेर ४३ अब्जांच्या वर महसूल, नफा ८ अब्जांच्या आसपास. दोघीही टोकियो शेअर बाजारात. कव्हरचा जवळपास निम्मा महसूल मर्चंडाइजचा: अॅक्रिलिक स्टँड, व्हॉइस पॅक, वाढदिवसाचे सेट. कॅरेक्टर कंपनीचं, म्हणून हे जमतं. मुलगी सोडून गेली तरी हक्क राहतो. व्हीशोजोकडे स्वतःचं असं काय होतं? लोगो. कलाकार उठून गेल्या की उरल्या खुर्च्या. अशा धंद्यात याची टोपी त्याला करावीच लागते.

रात्रपाळी:
'करावीच लागते'? वा! आणि तुमच्या आदर्श कंपन्या? फेब्रुवारी २०२४ मध्ये निजिसांजीची व्हीट्यूबर सेलेन तात्सुकी हिचा करार एनीकलरनं संपवला, तेव्हा गुंतवणूकदारांना कळवलं की निकालांवर परिणाम नगण्य. ऑक्टोबर २०२४ मध्ये जपानच्या फेअर ट्रेड कमिशननं कव्हरचे कान उपटले: २३ कंत्राटदारांकडून २४३ वेळा फुकटात काम पुन्हा करून घेतलं. त्या ८ अब्जांत रिगिंगवाल्यांचा (अवतार हलता करणाऱ्यांचा) घामही आहे की.

कटिंग_टेबल:
२४३ वाचून आमच्या जखमेवरची खपली निघाली. मी व्हिडिओ एडिटर, पुणे. एका एजन्सीसाठी (नाव घेत नाही) रील कापायचो. 'फक्त एक छोटासा चेंज' असं म्हणत एकच रील आठवडाभर फिरायची. बिल नव्वद दिवसांनी. आणि कळस म्हणजे दर बिलातून दहा टक्के टीडीएस (आगाऊ आयकर) कापला, २६एएस (आपल्या नावे भरलेल्या कराचा सरकारी उतारा) उघडून बघतो तर रकाना कोरा! सोळा-ए (टीडीएसचा दाखला) मागितला की 'अकाउंट्सवाला रजेवर आहे'. माझ्या नावानं कापलेला पैसा त्यांनी ऑफिसच्या भाड्याला लावला असणार. व्हीशोजो काय घेऊन बसलात.

सीएबाई:
कापलेला टीडीएस न भरणं हा गुन्हा आहे, तुरुंगवासाची तरतूद आहे. तुमच्याकडे कापल्याचा पुरावा (बिल, बँकेत आलेली निव्वळ रक्कम) असेल तर १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २०५ नुसार तोच कर आयकर खातं तुमच्याकडून वसूल करू शकत नाही. रिटर्नमध्ये क्रेडिट मागा.

कटिंग_टेबल:
मागितलं होतं मॅडम. नोटीस आली. माझ्या सीएनं 'भरून टाका, कटकट मिटेल' म्हणत वर स्वतःची फी लावली. तुमची जमात!

सीएबाई:
जमातीवर येऊ नका. क्लाएंट मार्च संपल्यावर पिशवीभर कागद आणून ओततात, त्यावर कुणी धागा काढत नाही.

मधला_बाक:
यूट्यूब सुपरचॅटमधून (प्रेक्षक लाइव्हमध्ये पैसे देऊन टाकतात त्या मेसेजमधून) ३० टक्के घेतं त्यावर बोला की कुणीतरी. धागा व्हीट्यूबरचा होता ना?

कटिंग_टेबल:
तो कट आधी सांगून घेतात. माझा न सांगता गेला. फरक आहे.

सीएबाई:
फरक आहेच, आणि मूळ प्रश्नही तोच आहे. देणगीची रक्कम विश्वस्त म्हणून वेगळ्या खात्यात ठेवली असती तर कंपनी बुडाली तरी ती घेणेकऱ्यांच्या हाती लागली नसती. एकाच खात्यात मिसळली की संस्था घेणेकऱ्यांच्या रांगेत उभी, आणि तारण घेऊन कर्ज दिलेले पुढे. हक्क कुणाकडे होते यानं रांग बदलत नाही, कोडरसाहेब.

कोकणी_कोडर:
बरं बाई, वेगळं खातं हवं होतं. दिलं लिहून, फ्रेम करून लावा. पण वेगळं खातं ठेवून पगार कशातून दिले असते ते रात्रपाळींनी सांगावं. सहा महिने आधी बंद पडली असती, एवढंच.

रात्रपाळी:
पडायला हवी होती. सहा महिने आधी बंद पडली असती तर संस्थेचे पैसे वाचले असते. आयर्नमाउसनं कंपनी सोडल्यावर तिच्या चाहत्यांनी टिल्टिफाय या देणगीच्या साइटवरून तेच पाच लाख पुन्हा भरले, वर दहा लाखांच्या पुढे नेले. मधे एजन्सी नव्हती.

कोकणी_कोडर:
म्हणजे एकाच देणगीसाठी लोकांनी दोनदा खिशात हात घातला, आणि तुम्हाला त्यात विजय दिसतोय. कमाल आहे.

कटिंग_टेबल:
मॅडम, त्या २०५ चं पत्र कसं लिहायचं? व्यनि (खासगी निरोप) करू का?

सीएबाई:
करा. जमातीच्या दरानं फी लागेल.