ब्लूफिन ट्यूना: चरणं एकत्र, वीण वेगळी

ब्लूफिन ट्यूना आख्खा अटलांटिक ओलांडतो, मग पूर्वेचा आणि पश्चिमेचा साठा (मासेमारीच्या हिशेबात वेगळा धरलेला माशांचा समूह) वेगळा कसा, हा प्रश्न रास्त आहे. पण मासा चरतो कुठे आणि अंडी घालतो कुठे, याचा हिशेब वेगवेगळा ठेवायला हवा. चरायला सगळे एकत्र येतात. अमेरिकेच्या किनाऱ्यावर पकडलेल्यांत भूमध्य समुद्रात जन्मलेलेही असतात. विणीला मात्र बहुतेक जण आपापल्या जन्मस्थळाकडे वळतात, काही मेक्सिकोच्या आखातात, काही भूमध्यात. जन्म कुठला, हे माशाच्या कानातल्या खड्यातल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंवरून, बऱ्यापैकी ओळखता येतं.

तरीही डीएनएतला फरक फार बारीक आहे. मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे आईकडून येणाऱ्या छोट्याशा डीएनएत तो जेमतेम दिसतो. जीनोमभर, म्हणजे सगळ्या डीएनएत, पुष्कळ ठिकाणं तपासली की हाती लागतो. कारण पिढीमागे मोजक्याच माशांनी 'परक्या' ठिकाणी अंडी घातली, तरी जनुकीय फरक पुसट व्हायला तेवढं पुरतं. मासेमारीने घटलेला साठा मात्र तेवढ्या पाहुण्यांनी भरून निघत नाही! म्हणून 'फरक दिसत नाही, अर्थात साठा एकच' हे मला धोक्याचं वाटतं.

त्यात २०१६ मध्ये स्लोप सीमध्ये, म्हणजे गल्फ स्ट्रीम आणि अमेरिकेचा ईशान्य किनारा यांच्या मधल्या पाण्यात, ब्लूफिन अंडी घालतो असा पुरावा प्रसिद्ध झाला. तिथे दोन्हीकडचे मासे मिसळत असतील, तर मासेमारीच्या व्यवस्थापनासाठी दोन साठ्यांमध्ये ४५ अंश पश्चिम रेखांशावर आखलेली सीमा आणखीच कागदी ठरते.